ग्रामीण महाराष्ट्रातील दंतचिकित्सा : वरवंड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच साथींकडे वळते. देवी, पटकी, प्लेग आणि हिवताप यांनी या प्रदेशात जो संहार केला त्याच्या नोंदी विपुल आहेत, आणि त्यांच्या निवारणार्थ शासनाने जी यंत्रणा उभारली तिचेही दप्तर उपलब्ध आहे. दंतरोगांना मात्र या इतिहासात जवळजवळ स्थान मिळालेले नाही. याचे कारण उघड आहे. दातदुखीने मनुष्य सहसा मरत नाही, आणि ज्या व्याधीने मनुष्य मरत नाही तिची नोंद मृत्यूच्या कोष्टकांत होत नाही. शासनाची आरोग्यविषयक धोरणे दीर्घकाळ याच कोष्टकांच्या आधारे आखली गेली. त्यामुळे जी व्याधी जवळजवळ प्रत्येक घरात आढळते, तीच धोरणाच्या परिघाबाहेर राहिली.

ही उपेक्षा सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. शहरातील मनुष्याला शासनाने दंतवैद्य दिला नाही तरी बाजाराने दिला. खेड्यातील मनुष्याला यांपैकी कोणीच दिला नाही. ही विषमता केवळ दारिद्र्याची किंवा अज्ञानाची निष्पत्ती मानणे पुरेसे नाही. कायदा, शिक्षणव्यवस्था आणि आरोग्यकेंद्रांची रचना या तिन्ही ठिकाणी घेतल्या गेलेल्या निर्णयांतून ती घडत गेली आहे. या घडणीचा मागोवा घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील वरवंड आणि त्याभोवतीचा दौंड व शिरूर तालुक्यांचा टापू येथे डोळ्यांसमोर ठेवला आहे.

२

वरवंड हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर, यवत आणि पाटस यांच्या दरम्यान, पुण्याच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर आहे. हल्लीचा दौंड तालुका एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात समाविष्ट होता. उत्तरेस भीमा नदी, तिच्या पलीकडे शिरूर तालुका, आणि न्हावरे–केडगाव चौफुला मार्गाने या दोन्ही तालुक्यांतील दळणवळण, अशी या टापूची रचना आहे. पर्जन्यछायेतील हा प्रदेश मुळात ज्वारी-बाजरीचा. १८७५ साली याच भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे उसळले आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाची चौकशी करण्यास सरकारला आयोग नेमावा लागला. पुढे मुठा कालव्याचे पाणी आले, वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव त्या पाण्याने भरू लागला, आणि कालांतराने ऊस, गुऱ्हाळे व साखर कारखाने यांनी परिसराचे अर्थकारण पालटून टाकले.

हा तपशील दंतचिकित्सेच्या विषयाशी दोन प्रकारे निगडित आहे. पहिली गोष्ट आहाराची. भरड धान्यावर वाढलेल्या समाजात गूळ, साखर आणि चहा यांचा प्रवेश झाला म्हणजे दात किडण्याचे प्रमाण वाढते, हे जगातील अनेक देशांत दिसून आले आहे. दुसरी गोष्ट वस्तीची. बागायतीबरोबर ऊसतोडणीसाठी दरवर्षी बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या मजुरांच्या कोप्या कारखान्यांच्या परिसरात उभ्या राहू लागल्या. गळिताच्या हंगामापुरती राहणारी ही माणसे कोणत्याही एका आरोग्यकेंद्राच्या यादीत पुरतेपणी सामावत नाहीत. रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली, महामार्गही गावावरून जातो. तेव्हा वरवंड हे दुर्गम खेडे नव्हे. आणि म्हणूनच ते विचारार्थ घेण्यासारखे आहे. जेथे रस्ता, रेल्वे, पाणी आणि वीज पोहोचली तेथे दंतवैद्य मात्र इतक्या उशिरा का पोहोचावा, हा प्रश्न अशा गावाच्या बाबतीत अधिक ठळकपणे उभा राहतो.

३

आधुनिक दंतवैद्यक येण्यापूर्वी या प्रदेशात मुखरोगांवर काहीच उपचार नव्हते, असे समजणे चुकीचे ठरेल. सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोगांची गणना असून दातांच्या मुळांचे आणि दातांचे रोग तेथे स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. शस्त्रांच्या यादीत दातांवरील खर काढण्यासाठी दंतशंकूचा उल्लेख येतो. तथापि ग्रंथातील ही विद्या आणि खेड्यातील व्यवहार यांमध्ये मोठे अंतर होते. खेड्यात लवंग, हळद, तुरटी, कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी हे नित्याचे उपाय; ठणका असह्य झाला म्हणजे रिंगणीच्या बियांची धुरी; आणि अखेरचा उपाय म्हणून दाढ उपटणे. हे अखेरचे काम न्हावी, फिरता वैदू किंवा गावातील एखादा धीट मनुष्य करीत असे. युरोपातही कित्येक शतके दात काढण्याचे काम न्हाव्याकडेच होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

या व्यवहाराची साक्ष भाषेत स्पष्टपणे उमटलेली आहे. मराठीत दातांची नावे नेमकी आहेत: पटाशीचे दात, सुळे, दाढा, अक्कलदाढ, दुधाचे दात. वेदनेच्या छटाही वेगळ्या शब्दांनी सांगता येतात. दात आंबतो, शिवशिवतो, सळसळतो, दाढ ठणकते, हिरडी सुजते किंवा फुलते. दात गेलेल्या तोंडाला 'बोळके' हा स्वतंत्र शब्द आहे. परंतु उपचाराच्या क्रियापदांकडे वळले की ही समृद्धी एकाएकी संपते. 'काढणे', 'उपटणे' आणि 'पाडणे' ही तीनच क्रियापदे जुन्या बोलण्यात आढळतात. दात 'भरणे', त्यात 'चांदी बसवणे', 'कवळी करणे' हे प्रयोग शहरातील दवाखान्यांबरोबर आले. दात राखता येतो ही कल्पनाच व्यवहारात नसेल तर तिच्यासाठी शब्द कोठून असणार?

'कीड' हा शब्दही विचारणीय आहे. पिकाला लागते ती कीड आणि दाताला लागते तीही कीडच. प्राचीन वैद्यकातील 'कृमिदंत' ही संज्ञा याच कल्पनेवर आधारलेली आहे. दातात खरोखरीचा किडा असतो आणि तो धुरीने बाहेर पडतो, हा समज आधुनिक विज्ञानाने अमान्य केला. तथापि १८९० साली विलोबी मिलर या संशोधकाने तोंडातील सूक्ष्म जंतू शर्करेपासून आम्ल निर्माण करतात व त्या आम्लाने दात झिजतो असे प्रतिपादन केले, तेव्हा सजीव कारणाची जुनी कल्पना निराळ्या स्वरूपात का होईना, पुन्हा पुढे आली. शेतकऱ्याच्या मनात कीड ही वेळीच आवरली तर पीक वाचवणारी गोष्ट आहे. दाताच्या बाबतीत हाच विचार त्याच्यापर्यंत पोहोचवणे भाषेच्या दृष्टीने अवघड नव्हते. तो पोहोचवणारी यंत्रणा नव्हती.

४

हिंदुस्थानात दंतवैद्यकाचे संघटित शिक्षण विसाव्या शतकात सुरू झाले. कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाची स्थापना १९३३ सालची. याच्या तुलनेत मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे आहे. म्हणजे मुंबई इलाख्यात सामान्य वैद्यकाचे शिक्षण आणि दंतवैद्यकाचे शिक्षण यांच्या प्रारंभांत जवळजवळ ९० वर्षांचे अंतर पडले. पुण्यात ससून रुग्णालय आणि बै. जी. वैद्यकीय शाळा एकोणिसाव्या शतकापासून होती. परंतु भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय पुण्यात सुरू झाले ते १९८९ साली. ज्या विद्येचे केंद्र जिल्ह्याच्या मुख्य शहरातही इतक्या विलंबाने आले, ती तालुक्याच्या गावी लवकर पोहोचण्याची शक्यता मुळातच नव्हती.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या आरोग्य पाहणी व विकास समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. देशात दर ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि दर ३,००,००० लोकांमागे एक अर्हताप्राप्त दंतवैद्य आहे, असे चित्र या समितीने मांडले. त्याच वेळी इंग्लंडमध्ये दर २,७०० लोकांमागे एक दंतवैद्य होता. समितीने १९७१ सालापर्यंत गाठावयाचे उद्दिष्ट दर ४,००० लोकांमागे एक दंतवैद्य असे ठरवले. तीन लाखांमागे एक हे प्रमाण सर्व प्रदेशांना सारखे लावले तरी त्या काळच्या एका तालुक्याच्या वाट्याला एकही पूर्ण दंतवैद्य येत नव्हता. प्रत्यक्षात प्रमाण सारखे नव्हतेच, कारण जे काही थोडे दंतवैद्य होते ते मुख्यतः मोठ्या शहरांत होते.

५

स्वातंत्र्यानंतर या क्षेत्रात जी पहिली महत्त्वाची सुधारणा झाली ती १९४८ चा दंतवैद्य अधिनियम होय. त्याअन्वये १९४९ साली भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली, नोंदणीपुस्तके तयार झाली आणि अर्हता नसलेल्यांच्या व्यवसायाला पायबंद घालण्याची तरतूद झाली. पदवी नसली तरी पूर्वीपासून किमान पाच वर्षे हाच व्यवसाय करणाऱ्यांना नोंदणीपुस्तकाच्या 'ब' भागात स्थान देण्यात आले. दंतवैद्यकास स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यवसायाचे स्थान प्राप्त करून देणारा कायदा म्हणून या अधिनियमाचे महत्त्व निर्विवाद आहे.

परंतु ग्रामीण समाजाच्या दृष्टीने त्यातील ४९ वे कलम विशेष अर्थपूर्ण आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दंतचिकित्सा करू नये असा नियम घालून देताना या कलमाने काही अपवाद मान्य केले. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला मोकळीक दिली. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या रुग्णालयांतील कामालाही दिली. आणि तिसरा अपवाद असा: प्रसंग निकडीचा असेल व नोंदणीकृत दंतवैद्य उपलब्ध नसेल, तर कोणत्याही व्यक्तीने दात काढण्यास हरकत नाही, मात्र तो काढताना बधिरतेचे औषध वापरता कामा नये.

या अपवादाचा हेतू समजण्यासारखा आहे. भूल देण्यात जिवाला धोका असतो, ती अजाण हातात जाऊ नये, ही काळजी रास्तच होती. ज्या देशात तीन लाखांमागे एक दंतवैद्य होता तेथे ठणकणारी दाढ घेऊन बसलेल्या मनुष्याला कायद्याच्या नावाखाली तसेच बसवून ठेवणेही क्रूरपणाचे झाले असते. तथापि परिणामाच्या दृष्टीने पाहता या वाक्याने दोन प्रकारचे नागरिक गृहीत धरले. ज्याच्या गावात दंतवैद्य आहे त्याचा दात बधिर करून, शास्त्रोक्त रीतीने काढला जाईल किंवा राखला जाईल. ज्याच्या गावात तो नाही त्याचा दात कोणीही, वेदना न शमवता, काढावा. वैदूचा चिमटा कायद्याने नाहीसा केला नाही. जेथे दंतवैद्य नव्हता तेथे त्याला निकडीच्या प्रसंगापुरती मुभाच दिली. पहिला वर्ग प्रामुख्याने शहरात आणि दुसरा खेड्यात होता. अपवाद म्हणून लिहिलेले हे वाक्य ग्रामीण भागात बराच काळ नियमाप्रमाणे लागू राहिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

याच अधिनियमाने दंतवैद्याखेरीज दंत-आरोग्यक आणि दंत-यंत्रज्ञ या दोन साहाय्यक वर्गांची नोंदणी मान्य केली. परंतु न्यूझीलंडने १९२१ पासून जो मार्ग पत्करला होता, म्हणजे शाळकरी मुलांचे दात तपासून भरण्याइतपत शिक्षण दिलेल्या परिचारिका तयार करून त्यांना गावोगावच्या शाळांशी जोडणे, तो भारताने स्वीकारला नाही. पूर्ण पदवी घेतलेला दंतवैद्य किंवा कोणीच नाही, असे पर्याय उरले. विरळ वस्तीच्या देशाने मधली पायरी निर्माण केली आणि सात लाख खेड्यांच्या देशाने ती टाळली, हे या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण मानावे लागेल.

६

१९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्या अनुषंगाने प्राथमिक आरोग्यकेंद्रे स्थापन होऊ लागली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ही केंद्रे त्यांच्या कक्षेत आली. खेड्यापर्यंत शासनाचा डॉक्टर पोहोचवणारी ही रचना म्हणजे स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राची एक मोठी कमाई आहे. परंतु या केंद्राच्या मूळ कल्पनेत दंतवैद्याचा समावेश नव्हता. हिवताप नियंत्रण (१९५३) आणि त्यानंतर निर्मूलन (१९५८), क्षयरोग, देवीची लस, कुटुंबनियोजन आणि माता-बालसंगोपन ही त्या केंद्राची कामे. दाढ दुखणाऱ्या रुग्णाला वेदनाशामक गोळी द्यावी आणि शहराची वाट दाखवावी, यापलीकडे तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती फारसे काही नव्हते.

ग्रामीण आरोग्याचे जे प्रयोग महाराष्ट्रात नावाजले गेले त्यांचाही भर साहजिकच जीवनमरणाच्या प्रश्नांवर होता. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात जे कार्य उभे केले, त्याचा गाभा माता-बालकांचे आरोग्य, कुटुंबनियोजन आणि गावातीलच आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण हा होता. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हीच दिशा धरली. साध्या शिक्षणाच्या ग्रामीण स्त्रीला योग्य प्रशिक्षण मिळाले तर ती आरोग्याचे मोठे कार्य करू शकते, हे या दोन्ही प्रयोगांनी सिद्ध केले. दंतचिकित्सेच्या क्षेत्रात हा धडा शासकीय रचनेत उतरला नाही.

७

आश्चर्याची गोष्ट अशी की, याच काळात पुणे जिल्ह्यातील खेडुतांच्या तोंडांची तपासणी मात्र जगातील एका मोठ्या सर्वेक्षणात झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मूलभूत दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली आणि कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी केली. मुखाचा कर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्था यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध शोधणे हा तिचा हेतू होता. तिचे निष्कर्ष १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि तंबाखूविरोधी धोरणाच्या शास्त्रीय पायाभरणीत या विभागाच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

या प्रदेशाच्या दृष्टीने त्यात मिश्रीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा होता. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड दातांना लावण्याची चाल पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत, विशेषतः स्त्रियांत, फार रूढ होती. तिची मुळे जुन्या शृंगारविधीशी जोडली जातात. दातवण लावून दात काळे करणे हे एकेकाळी सौभाग्याचे लक्षण मानले जाई. मिश्री मुखशुद्धीच्या नावाने सकाळी सुरू होते, दिवसातून अनेक वेळा लावली जाते, आणि पुढे व्यसन होते. हिरडीच्या वेदनेला ती क्षणभर बधिरता आणते, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे. बधिर करणारे औषध देणारा दंतवैद्य नसलेल्या गावात स्त्रीच्या हाताशी चुलीवर भाजलेली तंबाखू होती, आणि त्याच तंबाखूने पुढे तिच्या तोंडात अधिक गंभीर व्याधीची शक्यता निर्माण केली. उपचाराच्या अभावाने व्यसनाला आणि व्यसनाने व्याधीला कसा आधार मिळतो, याचे हे उदाहरण आहे. १९९२ साली केंद्र शासनाने दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. परंतु घरच्या तव्यावर भाजली जाणारी मिश्री कारखान्यांसाठी केलेल्या नियमांच्या कक्षेत येत नाही. तेथे कायद्यापेक्षा घरोघर जाऊन बोलणाऱ्या कार्यकर्त्याचीच आवश्यकता आहे.

सर्वेक्षणाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. तथापि एक लाखाहून अधिक तोंडे उघडून पाहिली गेली, त्या तोंडांतील किडके दात आणि सुजलेल्या हिरड्याही तपासणाऱ्यांच्या दृष्टीस पडल्याच असतील, आणि त्यांच्यावर उपचार करणारी कोणतीही स्थायी व्यवस्था त्या गावांत नव्हती, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. हा दोष संशोधकांचा नव्हे. ते आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधीत होते. ज्ञान आणि सेवा यांना जोडणारा दुवा शासकीय रचनेत नव्हता, हा दोष त्या रचनेचा होय.

८

१९८० नंतर परिस्थितीने निराळे वळण घेतले. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि कालांतराने दंत महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत देशातील दंत महाविद्यालये तीनशेच्या वर गेली. भोर समितीला ज्या टंचाईची चिंता होती ती संख्येच्या दृष्टीने संपुष्टात आली. किंबहुना तरुण दंतवैद्यांना काम मिळत नाही अशी तक्रार ऐकू येऊ लागली. तरीही ग्रामीण भागातील चित्र त्या प्रमाणात बदलले नाही. शहरांत सुमारे दहा हजारांमागे एक आणि खेड्यांत सुमारे दीड लाखामागे एक दंतवैद्य, असा अंदाज या विषयावरील लेखनात वारंवार दिला जातो. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण येथे विलक्षण अर्थाने लागू पडते. शहरात दंतवैद्य रुग्णाची वाट पाहतो आणि खेड्यात रुग्ण दंतवैद्याची.

याची कारणे नीतिमत्तेत शोधण्यापेक्षा अर्थव्यवहारात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. सामान्य डॉक्टर अल्प साधनांवर दवाखाना थाटू शकतो. दंतवैद्याला खुर्ची, दाबयंत्र, क्ष-किरणाचे उपकरण, अखंड वीज आणि वाहते पाणी यांवाचून काम करता येत नाही. खासगी महाविद्यालयात मोठे शुल्क भरून पदवी घेतलेल्या तरुणाला ही गुंतवणूक जेथे लवकर फिटेल अशीच जागा निवडावी लागते.

रुग्णाच्या बाजूचा हिशोबही असाच आहे. दाढ काढण्याचे काम बहुधा एका खेपेत होते. ती राखावयाची तर मुळाच्या उपचारासाठी तीन-चार खेपा आणि त्यावर टोपी बसवण्याचा खर्च येतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या वरवंड परिसरातील मजुराला प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी आणि प्रवासाचे भाडे सोडावे लागते. अशा स्थितीत तो 'काढून टाका' म्हणतो. शहरातील निरीक्षकास हे अज्ञान वाटते, परंतु हातातील पैशांचा विचार करता तो निर्णय विवेकाचाच असतो. पुढे चाळिशी-पन्नाशीत दाढा गेल्यामुळे भाकरी चावता येत नाही, आहार मऊ आणि निकस होतो, आणि एका खेपेत वाचवलेल्या पैशांची किंमत शरीर अनेक वर्षे फेडत राहते.

९

गेल्या दोन दशकांतील आरोग्यसुधारणांनी या प्रश्नाची दखल घेण्यास प्रारंभ केला आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीने सामुदायिक आरोग्यकेंद्रात, म्हणजे महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर, दंतशल्यचिकित्सकाचे पद आवश्यक मानले. २०१३ च्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या तपासणीत दातांच्या विकारांचा समावेश झाला. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम राबवला जाऊ लागला. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेत गावपातळीवरील केंद्रांच्या सेवांमध्ये प्राथमिक मुखारोग्यसेवेला स्थान मिळाले. १९४८ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. जागतिक पातळीवरही २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेने मुखारोग्याचा ठराव केला, आणि पुढील वर्षी जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोक मुखरोगांनी पीडित असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला.

या सुधारणांची मर्यादा दोन ठिकाणी दिसते. पहिली पातळीची. वरवंडच्या रुग्णाला जवळचे ग्रामीण रुग्णालय यवतला आणि उपजिल्हा रुग्णालय दौंडला. दंतशल्यचिकित्सकाचे पद या पातळीवर कल्पिलेले आहे, त्याखालील प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या पातळीवर नाही. म्हणजे दात किडू लागला असता तो जेथे पाहिला जावा तेथे दंतवैद्य नाही, आणि जेथे तो आहे तेथे रुग्ण पोहोचतो तो बहुधा दात राखण्याची वेळ टळून गेल्यावर. दुसरी मर्यादा विम्याची. २०१२ पासून महाराष्ट्रात सुरू झालेली आणि २०१७ साली महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिलेली जनआरोग्य योजना, तसेच २०१८ ची केंद्रीय विमा योजना, यांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांभोवती आहे. किडका दात भरून घेण्यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. त्यामुळे लहान खर्चाचा, वेळीच करावयाचा उपचार रुग्णाच्या खिशावर राहतो, आणि त्याच तोंडात पुढे गंभीर व्याधी झाली तरच विमा उपयोगी पडतो.

१०

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ग्रामीण भागातील दंतचिकित्सेचा अभाव हा केवळ संख्येचा प्रश्न नव्हता. १९४६ साली तो तसा दिसत होता, परंतु संख्या वाढूनही विषमता टिकून राहिली, यावरून त्याचे मूळ वितरणाच्या रचनेत आहे हे सिद्ध होते. दुसरा असा की, प्रत्येक सुधारणेने दाताला इतर व्याधींच्या मागे ठेवले, आणि त्या त्या काळी त्यास सबळ कारणे होती. प्लेग, हिवताप आणि बाळंतपणातील मृत्यू यांपुढे दाढदुखी क्षुल्लकच होती. परंतु ती मोठी संकटे ओसरल्यावरही क्रम बदलला नाही. तात्पुरता म्हणून ठरवलेला प्राधान्यक्रम कायमचा झाला. तिसरा असा की, पदवीधर दंतवैद्य आणि चिमटा घेतलेला वैदू यांच्यामधील प्रशिक्षित साहाय्यकाची जागा या देशाने रिकामी ठेवली. वढू आणि जामखेड येथे सामान्य आरोग्याच्या क्षेत्रात जे साध्य झाले, ते मुखारोग्याच्या क्षेत्रात अशक्य मानण्यास आधार नाही. शाळेतच मुलांचे दात पाहणारी, कोवळी कीड ओळखणारी आणि घरात मिश्रीविषयी बोलू शकणारी गावची स्त्री हे या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर आहे.

१९४८ च्या कायद्यातील तो अपवाद देशाच्या तत्कालीन असहायतेची कबुली होता. दंतवैद्य उपलब्ध नसेल तर, अशी त्याची अट होती. आज जिल्ह्यात दंत महाविद्यालये आहेत, दंतवैद्य आहेत, आणि वरवंडहून पुण्यास जाण्यास दीड-दोन तास पुरतात. अशा वेळी दंतवैद्य 'उपलब्ध' आहे असे कागदावर म्हणता येईल. ज्याला त्या प्रवासासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते त्याच्या दृष्टीने तो उपलब्ध आहे काय, हा प्रश्न कायद्याने विचारला नव्हता. ग्रामीण आरोग्याच्या पुढील अभ्यासकांनी आणि धोरणकर्त्यांनी तो विचारणे अगत्याचे आहे.